खुंटीपासून सरकत्या पट्टीपर्यंत: हत्यारांच्या मांडणीची पार्श्वभूमी

वाळूज किंवा चिकलठाण्याच्या एमआयडीसीतल्या एखाद्या छोट्या शॉपमध्ये डोकावलं, किंवा जालन्यात ट्रॅक्टर दुरुस्तीच्या शेडमध्ये गेलं, की हत्यारं भिंतीला लावण्याच्या तीन-चार पिढ्या एकाच ठिकाणी भेटतात. एका कोपऱ्यात फळीवर ठोकलेले खिळे, त्याच्या शेजारी भोकांचा पत्रा, पलीकडे स्लॉटेड, म्हणजे लांबट भोकांच्या अँगलची मांडणी आणि लोखंडी कपाटाच्या दारावर चुंबकाची पट्टी. जुनं काढून नवं बसवलं असं सहसा होत नाही. प्रत्येक प्रकार एका ठरावीक अडचणीतून आला आणि ती अडचण अजून शिल्लक आहे, म्हणून तोही टिकून आहे.

गावगाड्यातल्या सुताराला हत्यारांच्या जागा बदलता येतील अशा स्टँडची गरजच नव्हती. वाकस, पटाशी, करवत, रंधा, सामता, हातोडी एवढ्यावर त्याचं बहुतेक काम निभायचं. दांडा बदलायचा, पातं घासून आखूड व्हायचं, पण हत्याराचा आकार आयुष्यभर तोच. माळवदाच्या घरात भिंत रचतानाच लाकडी खुंट्या आत बसवत. त्या जाड दगड-मातीच्या भिंतीत नंतर ठोकलेली खुंटी धरत नाही, हे बांधणाऱ्याला ठाऊक असायचं. म्हणजे जागा आधी ठरायची आणि वस्तू तिथे जायची. फिरतीच्या कामाला पेटी किंवा पोतं.

हीच स्थिर जागेची पद्धत टोकाला नेली तर काय होतं, ते अमेरिकेतल्या हेन्री स्टडली (१८३८–१९२५) या पियानो कारागिराच्या पेटीत दिसतं. मिटल्यावर सव्वातीन फूट उंच आणि दीड फुटाहून थोड्या जास्त रुंदीच्या या भिंतीवरच्या पेटीत सुमारे ३०० हत्यारं बसतात. प्रत्येकाला कोरून केलेली खाच, काही थर दारासारखे उघडणारे. मांडणीचा नमुना म्हणून तिला तोड नाही. पण तीत एक नवं हत्यार बसवायचं म्हटलं तर जागा नाही, आणि एखाद्याचं माप थोडं बदललं तरी खाच निकामी. ज्याची हत्यारं ठरून गेली आहेत त्यानेच अशी पेटी करावी.

मराठवाड्यात हत्यारं ठरलेली राहिली नाहीत ती इंजिनांमुळे. विहिरीवर डिझेल इंजिन आलं, मग ट्रॅक्टर आले, आणि एकाच मेकॅनिकपुढे आट्यांच्या तीन जाती येऊन पडल्या. जुन्या लिस्टर धाटणीच्या इंजिनांना व्हिटवर्थ, म्हणजे ब्रिटिश इंची आटे. १९६३ पासून इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने बनू लागलेल्या महिंद्राच्या ट्रॅक्टरांना अमेरिकी इंची नट. १९७१ पासूनच्या एचएमटी-झेटर ट्रॅक्टरांना मिलिमीटर. वजन-मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि १९५८ पासून दशमान पद्धत लागू होत गेली, पण कायद्याने शेतातलं जुनं इंजिन बदलत नाही.

पाने ओळीने लावणं इथे चैनीचं राहिलं नाही. व्हिटवर्थ पान्यावर लिहिलेला आकडा बोल्टच्या दांड्याचा असतो, तर अमेरिकी पद्धतीच्या पान्यावरचा आकडा नटाच्या दोन समोरासमोरच्या बाजूंमधल्या अंतराचा. त्यामुळे १/२ असं कोरलेल्या दोन पान्यांपैकी एकाचं तोंड सुमारे २३.४ मिलिमीटर आणि दुसऱ्याचं १२.७ मिलिमीटर. एवढा फरक डोळ्याला दिसतो, त्यात कोणी फसत नाही. फसगत होते ती १२.७ आणि १३ मध्ये. १३ चा पाना अर्धा इंची नटावर बसतो, हलका जोर लावला तर नट फिरवतोही. गंजलेल्या नटावर जोर वाढवला की ०.३ मिलिमीटरच्या फटीने नटाचे कोपरे घासून गोल होतात, आणि मग छिन्नी-हातोडीशिवाय तो निघत नाही. तिन्ही जातींच्या ओळी वेगळ्या, मध्ये मोकळी जागा आणि प्रत्येक ओळीला एक रंग, एवढी शिस्त पाळली की अर्धे नट वाचतात. मात्र गाड्या बदलतील तशी एक ओळ वाढते आणि दुसरी आटते. ठोकलेले खिळे उपटून पुन्हा ठोकण्याचा कंटाळा इथूनच सुरू झाला.

या कंटाळ्यावरचा पहिला स्वस्त उपाय लाकडाच्या चोथ्यातून आला. अमेरिकेत मिसिसिपीमधल्या लॉरेल गावी विल्यम मेसन यांनी १९२४ च्या सुमारास वाफेच्या दाबाने लाकडाचे तुकडे फोडून त्यांचे तंतू गरम दाबून घट्ट तक्ता बनवला. हाच हार्डबोर्ड. त्याला एक-एक इंचावर भोकं पाडली की पेगबोर्ड. दुसऱ्या महायुद्धानंतर तो दुकानांत आणि घरच्या वर्कशॉपमध्ये पसरला. स्वयंपाकघरातही गेला: पाककृती लिहिणाऱ्या ज्युलिया चाइल्ड यांच्या घरी त्यांच्या पतीने पेगबोर्डवर भांड्यांच्या बाह्यरेषा आखून प्रत्येकाची जागा ठरवली होती. ते स्वयंपाकघर आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

पेगबोर्डचं यांत्रिकी साधं आहे आणि त्याचे दोषही त्यातच आहेत. हुकाचं वरचं टोक भोकातून आत जाऊन मागे वर वळतं, खालचा भाग तक्त्याला टेकतो आणि हत्याराच्या वजनाने हुक जागी बसतो. म्हणून तक्त्यामागे निदान अर्धा इंच मोकळी जागा लागते. ती न ठेवता तक्ता थेट भिंतीला ठोकणं ही सर्रास होणारी चूक. दुसरी गोष्ट, वजनाशिवाय हुकाला धरून ठेवणारं काही नाही, त्यामुळे पक्कड वर उचलली की हुकही हातात येतो. तिसरी अडचण पावसाळ्यातली. आपल्याकडे हवा आठ महिने कोरडी असते म्हणून पेगबोर्ड टिकेल असं वाटतं, पण जुलै-ऑगस्टमध्ये गळक्या शेडच्या भिंतीला लागून असलेला हार्डबोर्ड ओल पितो, फुगतो आणि भोकांच्या कडा सुटतात. एकदा भोक सैल झालं की त्याला इलाज नाही. भोकांचीही दोन मापं असतात, १/८ आणि १/४ इंच. बारीक हुक मोठ्या भोकात घातला की तो डुलतो आणि दोन-चार महिन्यांत भोकही खराब करतो.

मग पत्रा आला. युरोपी वर्कशॉपमधल्या भोकांच्या पॅनेलमध्ये १० मिलिमीटरची चौकोनी भोकं ३८ मिलिमीटर अंतरावर असतात. चौकोनी भोकात हुक फिरत नाही, हा त्याचा मोठा फायदा. इंची पेगबोर्डचे हुक मात्र यात बसत नाहीत, उलटही नाही. पॅनेल एका ठिकाणाहून आणि हुक दुसरीकडून घेतले की पैसे वाया. अंतराचा परिणाम हातोडी टांगतानाही जाणवतो. दोन हुकांच्या मध्ये दांडा जायला हवा आणि डोकं अडायला हवं. ६ मिलिमीटर जाडीचे हुक ३८ वर लावले तर मध्ये ३२ मिलिमीटर राहतात, बहुतेक दांड्यांना पुरतात. इंची पेगबोर्डवर लागोपाठच्या भोकांत १९ राहतात, ते कमी पडतात. एक भोक सोडलं तर ४४-४५ होतात, त्यात लहान हातोडीचं डोकं तिरकं होऊन निसटतं.

या इतिहासात मराठवाड्याच्या सगळ्यात कामी आलेली वस्तू हत्यारांसाठी बनलेलीच नव्हती. लंडनमध्ये डिमिट्रिअस कोमिनो यांनी १९४७ साली लांबट भोकांचा अँगल बाजारात आणला. कापा, बोल्ट लावा, हवं तेव्हा सोडा. आज बियाण्याच्या दुकानापासून मेडिकलपर्यंत आणि कचेरीच्या रेकॉर्ड रूमपर्यंत त्याचेच रॅक दिसतात, आणि जिल्ह्याच्या कुठल्याही हार्डवेअर बाजारात तो मिळतो. हत्यारांसाठी तो आडवा लावायचा आणि भोकांत बोल्टने हुक किंवा लाकडी पट्ट्या कसायच्या. पेगबोर्डपेक्षा जड आणि कमी देखणा, पण उचलताना हुक निघत नाही. लांबट भोकामुळे बोल्ट थोडा इकडे-तिकडे सरकतो, तेवढी मोकळीक पुष्कळ होते. मात्र जे सरकतं ते धक्क्यांनी ढिलंही होतं. शेजारी कॉम्प्रेसर किंवा प्रेस असेल तर स्प्रिंग वॉशर टाकल्याशिवाय बोल्ट कसू नये.

अजिबात पायऱ्या न ठेवता सरकवता येईल अशी सोय चार्ल्स अॅटवूड यांनी १९२४ साली अमेरिकेत सुरू केलेल्या युनिस्ट्रट चॅनेलमध्ये आहे. इलेक्ट्रिशियन केबल ट्रेला वापरतात तो सी चॅनेल त्याच घराण्यातला. तोंडाची कड आत वळलेली असते, स्प्रिंगचा नट आत टाकून हव्या त्या जागी कसता येतो. गोटी पान्यांची पट्टीही त्याच तत्त्वावर चालते: पट्टीवर सरकणाऱ्या खिट्ट्या आणि गोटीच्या चौकोनी भोकाला आतून दाबणारी स्प्रिंग. पाव, तीन अष्टमांश आणि अर्धा इंच या तीन ड्राइव्हच्या (म्हणजे त्या चौकोनी भोकाच्या मापाच्या) खिट्ट्या एकमेकींत चालत नाहीत, त्यामुळे पट्टी घेण्याआधी आपला ड्राइव्ह बघावा.

हत्यार टांगण्याऐवजी चिमटीत धरण्याचा प्रवाह वेगळा. इंग्लंडमधल्या रेडिच गावच्या हर्बर्ट टेरी कंपनीच्या स्प्रिंग क्लिपा त्याचं जुनं उदाहरण, गोल दांड्याला उत्तम. चुंबकाची पट्टी खरी उपयोगी झाली ती १९८० च्या दशकात निओडिमियम चुंबक आल्यावर. साधा काळा फेराइट चुंबक जड पाना धरतो, पण धक्का लागला की सोडतो. निओडिमियम घट्ट धरतो, आणि त्यातून नवी कटकट निघते: ग्राइंडरजवळ लावला तर लोखंडाचा भुगा दाढीसारखा चिकटून बसतो, आणि कायम चिकटून राहिलेले स्क्रू ड्रायव्हर स्वतःच चुंबक होतात. व्हर्निअर किंवा डायल गेज त्याच्या आसपासही ठेवू नये.

१९९० च्या दशकानंतर वाहन कंपन्यांना माल पुरवणाऱ्या शॉपमध्ये जपानी फाइव्ह एस, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याची पद्धत, पोचलं आणि उलटा प्रवास सुरू झाला. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ सालचा, त्याच्याभोवती पुरवठादारांची वस्ती वाढली. फाइव्ह एसला हत्यार हलतं नको असतं. त्याला प्रत्येकाची सावली, म्हणजे रंगवलेला आकार, बोर्डावर हवी असते, म्हणजे शिफ्ट संपताना रिकामी जागा लांबून दिसते. विमानांच्या देखभालीत तर प्रत्येक हत्याराचा हिशोब ठेवावाच लागतो, कारण इंजिनात राहिलेला एक पाना फार महागात पडतो. पण मॉडेल बदललं की फिक्स्चर (काम पकडून ठेवणारा साचा) बदलतं, मग पाने बदलतात आणि रंगवलेली सावली खोटी ठरते. खोटी सावली नसलेल्या सावलीपेक्षा वाईट, कारण तपासणारा तिच्याकडे बघणं सोडून देतो. यावर तोड निघाली ती नंबर प्लेटवाल्याकडची. भोकांचा पत्रा तसाच ठेवायचा आणि सावल्या रेडियममध्ये कापून चिकटवायच्या. जागा बदलली की सोलून नवी लावायची. चिकटवण्याआधी पत्र्यावरचं तेल थिनरने पुसलं नाही तर आठवड्याभरात कडा उचलतात.

आज नव्याने करायचं असेल तर ३ × २ फुटांचा १८ गेजचा, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटरचा पत्रा घ्यावा. तो साधारण पाच किलो भरतो. चारही कडा २० मिलिमीटर मागे वळवून घेतल्या की ताकदही येते आणि हुकासाठी मागे जागाही तयार होते. विटांच्या भिंतीला चार कोपऱ्यांत ८ मिलिमीटरच्या गिट्ट्या पुरतात, पण जुन्या मातीच्या भिंतीत गिट्टी धरत नाही. तिथे जमिनीपासून दोन उभे अँगल उभे करून वर वाशाला बांधावेत आणि पत्रा त्यांवर कसावा. भिंतीवर फक्त टेकण्याचं काम राहतं.

लाकूडकाम करणाऱ्याला तिरक्या कापाची पट्टी जास्त सोयीची. १८ मिलिमीटर प्लायची १५० मिलिमीटर रुंद पट्टी मधोमध ४५ अंशांत चिरायची. एक तुकडा भिंतीवर, उतार आत आणि धार वर. दुसरा होल्डरच्या पाठीला, उलटा. होल्डर वरून अडकवायचा आणि हवा तिकडे सरकवायचा. होल्डरच्या पाठीला खाली त्याच १८ मिलिमीटरचा आधार लावला नाही, तर वजन आल्यावर होल्डरची खालची बाजू भिंतीकडे झुकते आणि पटाश्या तिरक्या होतात. पटाशीला भोकापेक्षा समोरून उघडी खाच बरी: पात्याहून थोडी रुंद, मुठीहून अरुंद. भोकातून पातं पूर्ण वर ओढावं लागतं आणि घट्ट भोक असलं तर होल्डरच पट्टीवरून उचलला जातो. सतत हाताळला जाणारा होल्डर म्हणून खालून एका स्क्रूने अडवतात.

शेवटी प्लास्टिक. २०२२ साली झॅक फ्रीडमन यांनी मांडलेल्या ग्रिडफिनिटी पद्धतीत ४२ मिलिमीटरच्या चौकटी ड्रॉवरमध्ये बसतात आणि घरच्या थ्रीडी प्रिंटरवर हवा तो कप्पा छापता येतो. संभाजीनगरात पॉलिटेक्निकची मुलं आता असे कप्पे छापतात. कपाटात, पंख्याखाली ते छान चालतात. पत्र्याच्या शेडमध्ये पश्चिमेच्या भिंतीला मात्र पीएलए हे छपाईचं प्लास्टिक लावू नये. ते ६० अंशांच्या आसपास मऊ होतं, आणि वजन असेल तर त्याआधीच वाकायला लागतं. मे महिन्यात उन्हाने तापलेल्या पत्र्याला टेकलेला हुक तेवढा गरम सहज होतो. पीईटीजी हे छपाईचं दुसरं प्लास्टिक सुमारे ८० अंशांपर्यंत तग धरतं. दुहेरी टेपने चिकटवलेले होल्डर त्या भिंतीवर कोणत्याही प्लास्टिकचे असले तरी पडतात, ते स्क्रूनेच लावावेत.