रानबी धरणे (सोलापूर परिसर)

रस्त्याच्या कडेला, चरात, बांधावर आणि पडीक माळावर आपोआप उगवणाऱ्या वनस्पतींचे बी पक्व होण्याच्या बेतात उतरवून घेणे, घरी ते पूर्ण पिकू व वाळू देणे आणि पेरणीपर्यंत जिवंत राखणे, या सगळ्या कामाला मिळून बी धरणे म्हणता येते. शेतकरी हा शब्द ज्वारी, तूर, दोडका, भोपळा यांच्यासाठी वापरतो. रानवनस्पतींच्या बाबतीत मात्र काम बरेच बदलते. पिकाचे दाणे माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडत नेऊन एकाच सुमारास पिकणारे आणि कणसातच टिकून राहणारे केले आहेत, तर रानझाडाचे बी टप्प्याटप्प्याने पिकते, पिकले की गळते, उडते किंवा तडकून लांब फेकले जाते, आणि हाती आले तरी लगेच रुजेलच असे नाही.

सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेत मोडतो. येथे पावसाचा जोर सप्टेंबरात असतो, त्यामुळे टाकळा, कुर्डू, आघाडा यांसारख्या हंगामी वनस्पती पावसाच्या शेवटी फुलून ऑक्टोबर-नोव्हेंबरात बीजावर येतात. मुरमाड कडांवर तरवड व कुसळी गवत, काळ्या रानाच्या बांधांवर बाभूळ, हिवर, बोर व कडुनिंब, कुंपणांवर गोकर्ण आणि कपाळफोडीचे वेल, असे साधारण चित्र तुळजापूर, बार्शी, अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याकडे जाणाऱ्या कोणत्याही रस्त्यावर दिसते. मात्र या बियांना झाडावर निवांत पिकायला क्वचितच मिळते. शेळ्या-मेंढ्या शेंगा ओरबाडतात, दिवाळीनंतर वाळलेले गवत कोणीतरी पेटवून देते, रस्तारुंदीचे यंत्र आले तर कडच उरत नाही. त्यामुळे निमपक्व बी आणून घरी पिकवणे ही येथे हौस नसून बहुधा एकमेव वाट असते.

पक्वता ओळखणे हा या कामाचा गाभा आहे आणि बहुतेक चुकाही इथेच होतात. दिनदर्शिकेवर विसंबून चालत नाही. एकाच तरवडाच्या झुडपावर फूल, कोवळी शेंग आणि वाळलेली शेंग एकाच दिवशी सापडते. शेंग हिरवी असताना सोलली तर बी मऊ, फिकट आणि नखाने दबणारे असते. असे बी वाळले की सुरकुतून पोचट होते, त्याला कोणताही उपाय नाही. शेंगेचा हिरवा रंग जाऊन पिवळसर छटा आली, आतले बी टणक होऊन त्याला स्वतःचा रंग चढला, म्हणजे अन्नाचा साठा भरला असे समजावे. यापुढे ते झाडावरच राहिले पाहिजे असे नाही. टाकळ्याच्या कोयत्यासारख्या वाकलेल्या शेंगा या टप्प्यावर तोडल्या तरी चालतात. रुईचे जोडफळ शिवणीवर किंचित उकलू लागताच घ्यावे, कारण एकदा पूर्ण उकलले की रेशमी झुपक्यांसह बी वाऱ्यावर जाते. लवकर परत येणे शक्य नसेल तर फळाभोवती दोऱ्याचे दोन वेढे देऊन ठेवतात. गोकर्णाची शेंग वाळताना पीळ घेऊन तडकते, म्हणून तिच्यावर पातळ कापडाची पिशवी बांधावी. (जाड सोलापुरी चादर मात्र झाडाखाली अंथरून फांदी झोडपण्यासाठी.) कपाळफोडीचा फुगीर फुगा तपकिरी, कागदासारखा झाला की आतले काळे, पांढऱ्या हृदयाकृती ठिपक्याचे बी तयार असते. कुसळी गवत स्वतःच खूण देते. पिकल्यावर त्याची लांब कुसळे एकमेकांत गुंतून पिळा बनतो आणि तो हलक्या ओढीने सुटून येतो. आघाड्यासाठी वेगळी पिशवीही लागत नाही, त्याचे बी कपड्याला चिकटते, म्हणून धोतराचा सोगा पुरतो.

घरी पिकवताना बी फळातून लगेच काढू नये. कुर्डूचे तुरे किंवा टाकळ्याचे डहाळे देठासकट कापून, सैल जुड्या बांधून, सावलीच्या हवेशीर ओसरीत उलटे टांगावेत व खाली कापड अंथरावे. देठातला उरलासुरला रस काही दिवस बियांकडे जात राहतो आणि मागे राहिलेले बीही बऱ्याच अंशी भरते. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओला माल बांधून ठेवणे म्हणजे बुरशीला निमंत्रण देणे होय. उन्हाचा मोहही टाळावा. सोलापुरात उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर जातो, पत्रे त्याहून कितीतरी अधिक तापतात, आणि ओलसर बी अशा उष्णतेत वाळण्याआधीच मरते. शेंगा तडकू लागल्या की काठीने बडवून, सुपात पाखडून, हलके पोचट बी वेगळे करतात. मोठे बी पाण्यात टाकल्यास बहुतेक पोकळ किंवा भुंगेऱ्यांनी पोखरलेले बी तरंगते. बाभूळ व हिवराच्या शेंगांवर बारीक भोके दिसली तर ही चाचणी चुकवू नये.

वाळलेले बी म्हणजे रुजण्यास तयार बी नव्हे. कुसळी व अंजन गवताचे ताजे बी फारसे उगवत नाही. कोरड्या जागी सहा महिने ते वर्षभर पडून राहिल्यावर त्याची सुप्तावस्था सुटते, म्हणजे खऱ्या अर्थाने ते तोडणीनंतरच पिकते. दुष्काळी मुलखात हे सोयीचेच आहे, कारण अवकाळी सरीने फसून उगवलेले रोप पुढच्या कोरड्या महिन्यांत तग धरत नाही. टाकळा, तरवड, बाभूळ यांची अडचण निराळी आहे: त्यांच्या कवचातून पाणीच आत शिरत नाही. असे बी खरखरीत दगडावर घासतात, किंवा उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात टाकून ते पाणी थंड होईपर्यंत भिजू देतात. बाभळीच्या बाबतीत शेळीच हे काम करते. शेळ्या शेंगा चघळतात, कठीण बी रवंथ करताना बाहेर टाकतात किंवा ते लेंड्यांतून पडते, आणि शेळ्यांच्या वाड्यातून वेचलेले बाभळीचे बी झाडावरून काढलेल्या बीपेक्षा चांगले उगवते. रोपवाटिकांमध्ये ही पद्धत जुनी आहे.

कडुनिंब या सर्वांना अपवाद आहे. त्याची पिवळी निंबोळी पिकल्यावर एक-दोन दिवसांत गर चोळून धुवावी, सावलीत सुकवावी आणि शक्य तितक्या लवकर पेरावी, कारण तिची उगवणशक्ती काही आठवड्यांतच झपाट्याने घटते. इतर बियांना कोरडेपणा व गारवा दोन्ही मानवतात; बियांतील ओलावा एक टक्क्याने कमी झाला की त्यांचे आयुष्य सुमारे दुप्पट होते, हा बीजशास्त्रातील ठोकताळा वाळवण किती महत्त्वाची ते सांगतो. खेड्यात यासाठी राखेत मिसळून गाडग्यात ठेवण्याची रीत आहे. कापडी पिशवी आणि घट्ट झाकणाची बरणी हीही चालते, मात्र प्रत्येकीवर नाव, जागा व महिना लिहिलेला असावा, कारण टाकळा व तरवड वगळता बारीक काळ्या बियांत चुकणे फार सोपे असते.

सर्वच रानबी धरण्याजोगे नसते. गाजरगवत, वेडी बाभूळ व घाणेरी या बाहेरून आलेल्या आणि पसरत गेलेल्या वनस्पती असून त्यांचे बी घरी आणणे म्हणजे उपद्रव वाढवणे. पिवळ्या धोतऱ्याचे मोहरीसारखे काळे बी खाद्यतेलात मिसळले गेल्यास जलोदरासारखी सूज आणणारा गंभीर आजार होतो. गुंजेचे लाल-काळे बी, ज्याने सोनार एकेकाळी वजन करीत (96 गुंजा म्हणजे एक तोळा), अत्यंत विषारी आहे, आणि धोतऱ्याचेही (पिवळ्या धोतऱ्याहून ही निराळी वनस्पती) तसेच. ही दोन्ही मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या हद्दीतून परवानगीशिवाय बीही उचलता येत नाही. इतरत्र एका झाडावरचे निम्म्याहून कमी बी घ्यावे आणि शक्यतो अनेक झाडांवरून थोडे थोडे जमवावे, म्हणजे जागेवर पुढच्या वर्षीची रोपे उगवतात आणि जमवलेल्या साठ्यात वाणाचे वैविध्यही उतरते.