हवेचा दाब, सुजलेला सांधा आणि गरम पाण्याची पिशवी

थंडी हाडांत शिरते आणि त्यातून संधिवात जडतो, असे आजही अनेक जण ठामपणे सांगतात. या एका वाक्यात दोन वेगळे दावे मिसळलेले असतात. हवेमुळे सांध्याचा आजार होतो, हा पहिला. आणि आजारी सांधा हवा बदलली की अधिक दुखतो, हा दुसरा. पहिल्या दाव्याला आधार नाही. झिजेच्या संधिवातामागे, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसमागे, वय, वजन, जुनी दुखापत आणि आनुवंशिकता असते, तर रूमॅटॉइड संधिवातात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा सांध्याच्या आतल्या अस्तरावरच हल्ला चढवते. दुसरा दावा मात्र इतक्या सहज निकालात काढता येत नाही. ‘पाऊस येणार, माझा गुडघा सांगतोय’ असे म्हणणाऱ्या माणसाला मनाचे खेळ म्हणून गप्प बसवणे अन्यायाचे आहे, असे मला मनापासून वाटते.

या प्रश्नावर संशोधकांचे निष्कर्ष बराच काळ परस्परविरोधी होते. 1996 मध्ये डोनाल्ड रेडेलमायर आणि एमोस ट्वर्स्की यांनी रूमॅटॉइड संधिवाताच्या 18 रुग्णांच्या 15 महिन्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा हवामान आणि वेदना यांचा संबंध त्यांना आढळला नाही. ढगाळ दिवशी गुडघा दुखला तर ते लक्षात राहते, न दुखलेले ढगाळ दिवस विसरले जातात, अशी त्यांची मांडणी होती. ती महत्त्वाची आहे, कारण आपली स्मरणशक्ती खरोखरच अशी निवड करते. पण अठरा माणसांच्या नोंदींत बारीक परिणाम हाती लागणे कठीण असते. 2019 मध्ये मँचेस्टर विद्यापीठाच्या पथकाने ब्रिटनभरातील 2,658 जणांच्या मोबाइलवरील रोजच्या नोंदी वापरून अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एकाच व्यक्तीचे अधिक दुखण्याचे दिवस आणि त्याच महिन्यातले बरे दिवस एकमेकांशी ताडून पाहिले होते. दमट हवा, कमी दाब आणि जोराचा वारा असलेल्या दिवशी वेदना वाढण्याची शक्यता थोडी अधिक होती: एरवी ती 100 पैकी 5 धरली, तर अशा दिवशी 100 पैकी सुमारे 6. मनःस्थिती आणि शारीरिक हालचाल हिशेबात धरूनही हा फरक पुरता पुसला गेला नाही. विशेष म्हणजे ज्या थंडीला आपण सर्वाधिक दोष देतो, त्या तापमानाशी ठळक संबंध आढळला नाही.

परिणाम लहान आहे, पण तो आहे. मग घराच्या चार भिंतींआड, पांघरुणाखाली असलेल्या गुडघ्यापर्यंत बाहेरची हवा पोचते कशी? यातल्या दाबाच्या भागाचे उत्तर मला फार सुंदर वाटते, म्हणून त्यावर थोडे रेंगाळतो.

सुई नसलेली एक सिरिंज घ्या, दट्ट्या पूर्ण आत ढकला, तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि मग दट्ट्या ओढून पाहा. तो मागे ओढला जातो, सोडताच पुन्हा आत जातो. त्याला आत ढकलणारी शक्ती म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब. आपले सांधेही असेच बंद कप्पे आहेत. दोन हाडांची टोके, त्यांवर गुळगुळीत कूर्चा, भोवती चिवट संधिकोश आणि आत वंगणाचा अगदी थोडा द्रव. निरोगी, शिथिल गुडघ्यात हा द्रव जेमतेम काही मिलिलिटर असतो आणि आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी असतो. त्यामुळे हवा सांध्याला सतत बाहेरून आवळून धरते.

हे 1836 मध्ये विल्हेल्म आणि एडुआर्ड वेबर या जर्मन भावांनी दाखवून दिले. त्यांनी मृतदेहाच्या खुब्याभोवतीचे सगळे स्नायू कापले, संधिकोशही कापला, तरी पाय लोंबकळत जागच्या जागी राहिला. मग त्यांनी कटीच्या हाडातून खुब्याच्या खोबणीपर्यंत एक लहानसे छिद्र पाडले. आत हवा शिरली आणि मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीतून खाली घसरला. हिशेब करून पाहण्यासारखा आहे. त्या गोळ्याचा व्यास साधारण पावणेपाच सेंटिमीटर, म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ सुमारे 18 चौरस सेंटिमीटर. समुद्रसपाटीला हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोच्या वजनाइतका असतो, म्हणजे त्या गोळ्याला सुमारे 18 किलोचा आधार मिळतो. साठ किलोच्या माणसाचा एक पाय सुमारे दहा किलोचा असतो, त्यामुळे तो सहज तोलला जातो.

आता वादळी हवेकडे वळू. समुद्रसपाटीला दाब सरासरी 1013 हेक्टोपास्कल असतो आणि कमी दाबाचा पट्टा आला की तो 10 ते 20 हेक्टोपास्कलने उतरतो. वीस म्हणजे जेमतेम दोन टक्के. खुब्याचा आधार त्याने साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास घटेल. निरोगी सांध्याला हे जाणवण्याचे कारण नाही. सुजलेल्या सांध्याची स्थिती मात्र वेगळी असते. त्यात द्रव साचलेला असतो, आतला दाब बाहेरच्या दाबापेक्षा वर गेलेला असतो आणि संधिकोश आधीच ताणलेला असतो. कूर्चेला मज्जातंतू नसतात. वेदना जाणवते ती संधिकोशाला, अस्तराला आणि कूर्चेखालच्या हाडाला. बाहेरचा दाब उतरला की ताणलेल्या कोशावरील प्रतिदाब थोडा कमी होतो, आणि दाहामुळे आधीच हळवे झालेले तिथले तंतू एवढ्याशा फरकालाही प्रतिसाद देत असावेत, असे अनुमान आहे. भिंती आणि पांघरूण यांचा इथे उपयोग नाही, कारण दाब बंद खोलीतही बाहेरच्याइतकाच असतो. मोबाइलमध्ये दाबमापक असेल तर एक गोष्ट घरातल्या घरात पाहता येते: तळमजल्यावरून दहाव्या मजल्यावर गेले की आकडा तीन-चार हेक्टोपास्कलने खाली येतो.

याच आकड्यातून या स्पष्टीकरणाची मर्यादाही दिसते. विमानाच्या केबिनमधला दाब साधारण 1,800 ते 2,400 मीटर उंचीवरच्या हवेइतका असतो, म्हणजे घट दोनशे हेक्टोपास्कलच्या घरात जाते. कोशाचा ताण एवढेच कारण असते, तर विमानात बसणारा प्रत्येक संधिवाताचा रुग्ण कळवळला असता. त्यामुळे आणखी एक वाट शोधली गेली. जपानमधील संशोधकांनी मज्जातंतूंना इजा झालेल्या उंदरांभोवतीचा दाब हवामानात बदलतो तेवढाच उतरवला, तेव्हा त्यांची वेदनेची संवेदनशीलता वाढली. पण आंतरकर्ण निकामी केलेल्या उंदरांत ती वाढली नाही. म्हणजे दाबाची चाहूल कानाला लागते आणि तिथून पुढे संपूर्ण चेतासंस्था सावध होते, अशी शक्यता आहे.

गाऊटमध्ये, म्हणजे युरेटचे स्फटिक सांध्यात साचून होणाऱ्या संधिवातात, मात्र थंडीचा थेट संबंध लागतो. युरेट हे क्षार शरीराच्या 37 अंश तापमानाला दर 100 मिलिलिटरमध्ये सुमारे 6.8 मिलिग्रॅमपर्यंत विरघळतात. 30 अंशांना ही मर्यादा साडेचारच्या आसपास येते. पायाचा अंगठा शरीराच्या थंड टोकाला असल्याने स्फटिक बहुधा तिथे आधी जमतात.

घरगुती उपायांत सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे शेक. पातळ टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी गुडघ्यावर ठेवली की तिची बहुतेक ऊब त्वचेत आणि वरच्या थरांतच राहते, खोल सांध्यापर्यंत फारच थोडी पोचते. तरीही बरे वाटते. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 मध्ये सुचवले की पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांसाठी जणू एक फाटक असते आणि स्पर्शासारख्या इतर संवेदना ते अर्धवट लोटून घेऊ शकतात. शेकाने आखडलेले स्नायूही सैल होतात. मिरचीतील कॅप्सेसिनचे मलम वेगळ्या वाटेने काम करते. सुमारे 43 अंशांची उष्णता ओळखणारा मज्जातंतूंवरचा ग्राही ते चेतवते. आधी आग होते आणि नियमित वापराने तेच तंतू मंदावतात. या ग्राहीच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना 2021 च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. लाल झालेल्या, गरम लागणाऱ्या सांध्याला मात्र शेकाऐवजी थंड पट्टीने अधिक आराम पडतो.

हळदीबद्दल इतक्या खात्रीने बोलता येत नाही. तिच्यातील कर्क्युमिन प्रयोगशाळेत दाह कमी करते, पण हळदीच्या पुडीत ते साधारण तीन टक्केच असते आणि आतड्यातून फारच थोडे शोषले जाते. गोळ्यांवरच्या छोट्या चाचण्यांत गुडघेदुखीला थोडा आराम दिसला आहे, परंतु अधिक मात्रेच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याचीही उदाहरणे आहेत. तांब्याच्या कड्याचा प्रश्न सुटलेला आहे: 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, रूमॅटॉइड संधिवाताच्या 70 रुग्णांवरील चाचणीत त्याचा परिणाम नकली कड्याहून वेगळा नव्हता. याहून घातक आहेत ती ‘शंभर टक्के नैसर्गिक’ म्हणून विकली जाणारी निनावी चूर्णे. त्यांत अनेकदा न सांगता स्टिरॉइड मिसळलेले सापडले आहे. दोन दिवसांत गुडघा मोकळा होतो तो त्यामुळे, आणि काही महिन्यांनी रक्तातली साखर, रक्तदाब व हाडे यांवर त्याचे दुष्परिणाम दिसू लागतात.

दमट, कोंदट दिवशी माणूस बसून राहतो आणि सांधा आणखी धरतो. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. पावलागणिक ती स्पंजसारखी दाबली जाते, सुटते आणि भोवतीच्या द्रवातून पोषण शोषते. म्हणून त्या दिवशी घरातल्या घरात का होईना, दर तासाला दहा-पंधरा मिनिटे चालणे आणि खुर्चीत बसून पाय सरळ करून मांडीचे स्नायू आवळणे उपयोगी पडते. वजनाचा हिशेबही इथलाच आहे: एक किलो वजन उतरले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो.

शेक, हालचाल आणि वजन यांबद्दलचे हे सारे मुख्यतः झिजेच्या संधिवाताला लागू आहे. सकाळी उठल्यावर बोटे तासाभराहून अधिक वेळ आखडलेली राहत असतील, दोन्ही हातांचे सांधे सुजत असतील, तर ते रूमॅटॉइड संधिवाताचे लक्षण असू शकते. त्यात मेथोट्रेक्सेटसारखी औषधे जितक्या लवकर सुरू होतात तितके सांधे वाचतात, आणि शेकाने दुखणे कमी झाल्यामुळे डॉक्टरांकडे जाणे लांबले, तर त्या काळात हाडांची झालेली हानी नंतर भरून निघत नाही.