चाळीस इंची चाकातली गोफण

कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात जॉन्सन व्हॅली नावाचा भाग आहे. २००७ पासून तिथे दर हिवाळ्यात ‘किंग ऑफ द हॅमर्स’ ही शर्यत होते. कोरड्या तळ्याच्या सपाट तळावरून ताशी १६० किलोमीटरने सुटलेली गाडी थोड्याच वेळात खोलीएवढाल्या खडकांवर एकेक चाक टेकवत, पायी चालणाऱ्या माणसाहूनही हळू चढत असते. चाकं मात्र तीच. टायरचा व्यास बहुधा ४० इंच, म्हणजे उभा केला तर मोठ्या माणसाच्या कमरेला लागेल, आणि वजन रिम सोडूनच ४० किलोंच्या घरात.

एवढा टायर सगळीकडून सारखा जड कधीच नसतो. आतले थर जिथे एकावर एक येतात तिथे जाडी वाढते, आणि जितकं रबर जास्त तितका फरकही मोठा. समजा, कडेला एका जागी १०० ग्रॅम जास्त भरले. राखणीला बसून गोफण फिरवलेल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. दगड तोच असतो, पण वेग वाढला की दोरी हात ओढू लागते. ही ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ५ किलोमीटरला आपल्या १०० ग्रॅमची ओढ भरते जेमतेम ३८ ग्रॅम वजनाइतकी, मूठभर शेंगदाण्यांची. ताशी १०० ला वेग वीसपट, म्हणून ओढ चारशेपट, म्हणजे १५ किलो. आणि ती दिशा बदलत राहते, सेकंदाला जवळपास नऊ वेळा वर आणि तितक्याच वेळा खाली. १६० ला हीच ओढ ३९ किलोंवर जाते.

म्हणून जो गाडी ट्रेलरवर लादून आणतो आणि फक्त खडक चढतो, तो चाकाचा तोल साधण्याकडे, म्हणजे बॅलन्सिंगकडे, ढुंकूनही पाहत नाही, आणि त्याचं काही चुकत नाही. खरी पंचाईत त्याच चाकांवर हायवेने घरी जाणाऱ्याची.

टायरच्या दुकानात जायचं म्हटलं, तर एवढं धूड मशिनवर बसवणं हीच पहिली अडचण. बसलंच, तर वजनं लावायची रिमवर. रिम १७ इंची, म्हणजे मध्यापासून साडेआठ इंच. जड जागा मात्र वीस इंचांवर. त्यामुळे १०० ग्रॅमचा तोल साधायला तिथे सुमारे २३५ ग्रॅम चिकटवावे लागतात. तेही खडकाला घासून कधी पडतील याचा नेम नाही. त्यात रिमच्या आत अर्धा किलो चिखल वाळून बसला, की सगळा हिशेब पुन्हा फिसकटतो. (स्टिअरिंग थरथरतंय म्हणून गॅरेज गाठण्याआधी पाण्याचा पाइप मारून पाहावा. फुकटात होणारं बॅलन्सिंग तेवढंच.)

यावर हौशी मंडळींनी काढलेली तोड ऐकायला वेडगळ वाटते. खेळण्यातल्या बंदुकीचे ६ मिलिमीटरचे प्लॅस्टिकचे छर्रे घ्यायचे आणि पाव ते अर्धा किलो थेट टायरमध्ये ओतायचे. गाडी ताशी साताठ किलोमीटरच्या आत असेतो ते तळाशी खुळखुळतात, चाकाचा अक्षरशः खुळखुळा होतो. त्यापुढे ओढ गुरुत्वाकर्षणावर मात करते आणि छर्रे कडेला चिकटतात. पण हलक्या बाजूलाच जायचं हे त्यांना कळतं कसं?

आई आणि लहान मुलगी फुगडी घालतात तेव्हा आई जवळजवळ जागच्या जागी फिरते, मोठं वर्तुळ घेते ती मुलगी. पुरेशा वेगाने फिरणारं चाकही तसंच करू पाहतं. धुऱ्याच्या मध्याभोवती फिरण्याऐवजी ते आपल्या वजनाच्या मध्याभोवती फिरू लागतं, आणि हलकी बाजू जास्त बाहेर झुकते. सुटे छर्रे जिथे जास्त बाहेर जाता येईल तिकडे पळतात, म्हणजे नेमके हलक्या बाजूला. वरून कपडे टाकायच्या अनेक वॉशिंग मशिनच्या ड्रमवर मिठाच्या पाण्याची पोकळ कडी असते, तिचं कामही याच तत्त्वावर चालतं.

यात ‘पुरेशा वेगाने’ हे शब्द महत्त्वाचे. चाक आणि धुरा मिळून वरखाली डुलायची एक स्वाभाविक लय असते. साध्या मोटारीत ती सेकंदाला १० ते १५ वेळा, अशा अवजड गाड्यांत बहुधा त्याहून कमी. चाकाचे फेरे या लयीच्या पुढे गेले तरच फुगडीचा नियम लागतो. फेरे त्या लयीहून कमी असतील तर उलटं होतं, छर्रे जड बाजूलाच जमतात. आपलं चाक ताशी १०० ला सेकंदात नऊच्या आत फेरे घेतं, म्हणजे उंबरठ्यावरच उभं असतं. त्यामुळे एकाची गाडी छर्ऱ्यांनी लोण्यासारखी चालते आणि दुसरा शिव्या घालत ते काढून टाकतो, याचं मला नवल वाटत नाही. आणि टायर मुळात गोलच नसेल, तर छर्रे काय नि वजनं काय, दोन्ही निरुपयोगी.

छर्ऱ्यांची एक बाजू मात्र घ्यायला हवी. खडकावर पकड यावी म्हणून टायरची हवा ८-१० पीएसआयपर्यंत उतरवतात. टायरची कड बोल्टने आवळून धरणारी बीडलॉक रिम नसेल, तर जोर लावताना रिम टायरच्या आत थोडी सरकू शकते. म्हणून काहीजण निघण्यापूर्वी टायर आणि रिम दोन्हींवरून रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवतात. संध्याकाळी तिचे दोन तुकडे समोरासमोर दिसले नाहीत, तर रिमवरची वजनं आता चुकीच्या जागी आहेत. छर्रे असतील, तर ते आपली जागा पुन्हा शोधायला मोकळे असतात.