एम्बेडेड वेब सर्व्हर

एम्बेडेड वेब सर्व्हर : उपकरणाच्या फर्मवेअरमध्येच (त्यात बसवलेल्या मूळ प्रोग्राममध्ये) सामावलेला, त्याची स्थिती ब्राउझरमध्ये दाखवणारा व सेटिंग बदलू देणारा छोटा एचटीटीपी (वेबपाने मागवण्या-पाठवण्याची पद्धत) सर्व्हर. राउटर, प्रिंटर, आयपी कॅमेरे व सर्व्हर-मदरबोर्ड यांत तो सर्रास असतो.

आरंभ कोणता मानावा याबाबत एकमत नाही. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीच्या भांड्यावर रोखलेला कॅमेरा (१९९१; वेबवर १९९३) हे उदाहरण वारंवार दिले जाते. मात्र तेथे चित्र टिपून पुरवण्याचे काम वेगळे संगणक करीत. खुद्द कॅमेऱ्यात सर्व्हर नव्हता. सर्व्हर उपकरणाच्या आतच हवा, ही अट घातल्यास ॲक्सिस कंपनीच्या नेटआय २०० या कॅमेऱ्याचा (१९९६) दावा अधिक ग्राह्य ठरतो. एचटीटीपी १.० ची तोवर रूढ झालेली पद्धत नोंदवणारा आरएफसी १९४५ हा इंटरनेट-मानकांच्या मालिकेतील दस्तऐवजही त्याच वर्षीचा. त्यामुळे हा प्रकार साधारणपणे १९९०–२००० या दशकाच्या मध्यास रुळला, असे मानणे सयुक्तिक दिसते. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात आठ पिनांच्या पीआयसी या मायक्रोकंट्रोलर (एका चिपवरील छोटा संगणक) चिपवर चालवलेला सर्व्हर (१९९९) काही ठिकाणी याच चर्चेत ओढला जातो. त्याचे महत्त्व अग्रक्रमाचे नसून आकाराचे आहे.

बांधणी उपकरणाच्या मेमरीवर अवलंबून असते. ऑपरेटिंग सिस्टिम नसलेल्या मायक्रोकंट्रोलरवर फाइल सिस्टिम बहुधा नसतेच. तेथे एलडब्ल्यूआयपीसारख्या टीसीपी/आयपी स्टॅकबरोबर (नेटवर्क-संवाद सांभाळणारा प्रोग्रामसंच) येणारे साधन एचटीएमएल पानांचे सी भाषेतील ॲरेमध्ये रूपांतर करते व पाने प्रोग्रामबरोबरच फ्लॅश मेमरीमध्ये उतरतात. लिनक्स चालवणाऱ्या बोर्डासाठी बिल्डरूट किंवा योक्टो ही लिनक्स-बांधणीची साधने वापरून लाइटटीपीडी किंवा बिझीबॉक्समधील एचटीटीपीडी हे छोटे सर्व्हर क्रॉस-कंपाइल करतात (दुसऱ्या संगणकावर बोर्डाच्या प्रोसेसरसाठी तयार करतात). पाने केवळ वाचता येणाऱ्या स्क्वॉशएफएस या फाइल सिस्टिममध्ये ठेवून सेटिंगसाठी वेगळे पार्टिशन राखणे इष्ट. फर्मवेअर बदलले तरी सेटिंग टिकते.

सर्व्हर-मदरबोर्डवरील बीएमसी हा देखरेखीचा स्वतंत्र नियंत्रक स्टँडबाय विजेवर चालतो. मुख्य संगणक बंद असतानाही त्याचे वेबपान उघडते. अशा दूरस्थ देखरेखीच्या १९९८ च्या आयपीएमआय मानकाच्या जोडीला डीएमटीएफ या मानक-संस्थेने २०१५ मध्ये रेडफिश हे एचटीटीपीवर चालणारे मानक आणले. ओपनबीएमसी या बीएमसीच्या मुक्त फर्मवेअरमध्ये रेडफिशच्या विनंत्या बीएमसीवेब हा सर्व्हर हाताळतो. त्यात ‘ग्रेसफुल शटडाउन’ मागितल्यास ऑपरेटिंग सिस्टिम रीतसर बंद होते. ‘फोर्स ऑफ’ थेट वीज तोडते. दोन्ही बटणे शेजारी ठेवणारी वेबपाने आढळतात, ते टाळावे.

एचटीटीपीएसची (कूटबद्ध एचटीटीपीची) किल्ली उपकरण पहिल्यांदा सुरू होतानाच तयार करण्याचा प्रघात आहे, पण त्या क्षणी किल्लीसाठी लागणारी यादृच्छिकता (अंदाज न बांधता येणारे आकडे) तुटपुंजी असते. अनेक उपकरणांच्या आरएसए (मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकारावर आधारलेली पद्धत) किल्ल्यांत सामाईक मूळ अवयव असल्याचे व त्यावरून त्या फोडता येत असल्याचे २०१२ मधील अभ्यासांनी दाखवले. बॅटरीवरील घड्याळ नसल्यास उपकरणाची तारीख सुरू होताना १९७० असते आणि प्रमाणपत्राच्या तारखा फसतात. म्हणून आधी एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची पद्धत) वेळ लावून घ्यावी.

सुरक्षेचा मुख्य अडसर अद्ययावतीकरणाचा आहे. रॉमपेजर या एम्बेडेड वेब सर्व्हरच्या कुकी हाताळणीतील दोष त्याच्या निर्मात्यांनी २००५ मध्येच दुरुस्त केला होता. तरी चेक पॉइंट या सुरक्षा-कंपनीच्या संशोधकांना डिसेंबर २०१४ मध्ये किमान १.२ कोटी उपकरणे इंटरनेटवर त्याच दोषासह उघडी आढळली. जुनी आवृत्ती चिपबरोबर येणाऱ्या एसडीकेतून (उत्पादकाने पुरवलेल्या प्रोग्राम-संचातून) नव्या उपकरणांतही जात राहिली होती.