धरणाआधी कोयनेची जमीन हलत होती का?

११ डिसेंबर १९६७ ला पहाटे सव्वाचारच्या सुमारास कोयनानगर जमीनदोस्त झालं. भूकंप ६.३ तीव्रतेचा होता, सुमारे दोनशे माणसं दगावली. शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, पाणी अडवायला लागून तेव्हा पाच-सहा वर्षंच झाली होती. जलाशयामुळे चाळवलेला याहून मोठा भूकंप जगात दुसरा ठाऊक नाही. साहजिकच प्रश्न येतो, धरण नव्हतं तेव्हा इथली जमीन हलायची का? हा प्रयोगशाळेत सुटणारा प्रश्न नाही. त्यासाठी जुने कागद उघडावे लागतात, आणि ते नाना तऱ्हेचे आहेत.

सोप्यापासून सुरुवात करू. १९६० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेने जगभर सुमारे १२० ठिकाणी एकाच बनावटीची भूकंपमापकं बसवली, त्यांतलं एक पुण्यात होतं. मुख्य डोळा होता जमिनीखालच्या अणुचाचण्यांवर. फिरत्या नळकांड्यावर फोटोचा कागद, त्यावर प्रकाशाच्या ठिपक्याने रात्रंदिवस उमटणारी रेघ. कागद अमेरिकेत जायचा, त्याची फिल्म निघायची, मूळ कागद परत यायचा. फिल्मची प्रत मात्र मागेल त्या संशोधकाला मिळायची. इंटरनेटच्या कितीतरी आधीचा हा खुला संग्रहच म्हणायचा. पहिल्या आणि दुसऱ्या लहरीत जितक्या सेकंदांचं अंतर, त्याला साधारण आठने गुणलं की भूकंपाचं केंद्र किती किलोमीटरवर ते कळतं. स्फोट हुडकायला जमवलेल्या याच रेघांनी पुढे भूपट्टांच्या सिद्धान्ताला भक्कम पुरावे पुरवले. जमवणाऱ्याच्या मनात एक असतं आणि वापरणारा भलतंच शोधतो, हे संग्रहांच्या बाबतीत नेहमीचं आहे.

त्याआधी मात्र या भागाजवळ यंत्रं विरळच होती. लहानसहान धक्का दूरच्या यंत्राला कळतही नाही. त्यामुळे ‘नोंद नाही’ याचा अर्थ ‘भूकंप नाही’ असा काढता येत नाही.

आणखी मागे गेलं की छापील पुस्तकं येतात. थॉमस ओल्डहॅम यांची भारतातल्या भूकंपांची यादी १८८३ साली छापली गेली, सातारा जिल्ह्याचं गॅझेटियर १८८५ मध्ये. पूर्वी अशा पुस्तकांसाठी पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयात ओळख काढावी लागे. सातारचं गॅझेटियर आता पाटणच्या पोराला मोबाइलवर फुकट वाचता येतं.

त्याच्या पलीकडे मोडी. आणि इथे आपला भाग श्रीमंत आहे. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी मिरजेत बसून पटवर्धन सरदारांच्या दप्तरातली पत्रं १८९७ पासून छापली. इतिहाससंशोधक राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा १८९८ चा पहिला खंड वाईत सापडलेल्या कागदांवर उभा आहे. पारसनिसांनी साताऱ्यात जमवलेला संग्रह १९३९ मध्ये पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. भूकंपाच्या अभ्यासकाने यात पत्रांइतकंच हिशेबांकडे बघावं असं मला वाटतं. किल्ल्याच्या डागडुजीचा खर्च, देवळाच्या शिखराची दुरुस्ती, एखाद्या गावाला दिलेली सूट. अर्थात तट ढासळला म्हणून लगेच भूकंप मानायचा नाही. जावळीच्या पावसाला तट ढासळवायला भूकंप लागत नाही! एकाच सुमारास लांब-लांबच्या ठिकाणी पडझड दिसली, तर मात्र कान टवकारावेत.

तेवढ्यासाठी तारीख पक्की हवी. पत्रावर असतो शुहूर सन, म्हणजे मराठी दप्तरातली जुनी कालगणना, तोही अरबी संख्याशब्दांत: ‘सबा सबैन मया व अलफ’, म्हणजे सात, सत्तर, शंभर आणि हजार, ११७७. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७६. पण हे वर्ष मृगाला सुरू होतं, त्यामुळे पुढच्या जानेवारीपासून मृगापर्यंतच्या पत्राला ६०० मिळवायचे. एक चुकला की धक्का वर्षभर सरकतो.

गंमत म्हणजे हे कागद अनेकदा शंभर वर्षांपूर्वीच्या वर्तमानपत्रापेक्षा धडधाकट असतात. काजळीची शाई म्हणजे निव्वळ कार्बन, ती उडत नाही. हातकागद चिंध्यांच्या, तागाच्या लांब तंतूंचा. लाकडाच्या लगद्याच्या कागदात तुरटीमुळे आम्ल राहतं आणि ते तंतू तोडत जातं. घडी उलगडली की तुकडा हातात. म्हणून स्कॅन करताना आधी वर्तमानपत्रं घ्यावीत, रुमालातल्या, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यातल्या, मोडीला थोडी सवड आहे. वाळवी आणि ओल सोडून, अर्थात.

स्कॅन करून टाकलं की काम झालं, असं मानणाऱ्यांशी माझं पटत नाही. कोणत्या दप्तरातला, कुठल्या रुमालातला, कोणत्या सालचा कागद, हे लिहिलं नसेल तर तो असून सापडत नाही. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या सांता फे इथे ‘ओपन अर्काइव्ह्ज इनिशिएटिव्ह’ सुरू झाली ती याच गरजेतून. वेगवेगळ्या संग्रहांनी आपापल्या सूच्या एका ठरलेल्या साच्यात मांडायच्या, म्हणजे एका ठिकाणी शोधलं तरी सगळीकडचं दिसतं.

कोयनेचा सगळ्यात नवा संग्रह तर कागदाचा नाहीच. कराडच्या केंद्र सरकारी प्रयोगशाळेच्या प्रकल्पात खोल छिद्रं घेतली, त्यांतलं एक तीन किलोमीटरचं. वर काढलेल्या खडकाच्या कांड्यांवरून कळलं, की सुमारे किलोमीटरभर बेसॉल्टच्या थरांखाली इथे थेट ग्रॅनाइटी खडक लागतो, मध्ये गाळाचा थर नाही. धरणानंतरचे धक्के मात्र पावसाळ्यात पाणी चढल्यावर आणि पुढे ते उतरताना वाढतात, ते यंत्रांनी वर्षानुवर्षं टिपलं आहे. त्याआधीच्या शतकांचा हिशेब अजून रुमालांत आहे, आणि तो लावायला भूकंपशास्त्रज्ञाच्या शेजारी मोडी वाचणारा बसायला हवा.