जबडा काढल्यावर पायाचं हाड बसवायचं असेल तर योजनेचे कागदं कसे जमवायचे

गुटखाबंदी २०१२ पासून आहे, पण खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचं मिश्रण, घोटायची पन्नी आमच्याकडं विदर्भात अजून प्रत्येक पानठेल्यावर लटकलेली दिसते. तोंड उघडत नाही, गालात फोड आहे, असं म्हणत माणूस सहा महिने काढतो आणि बायोप्सीत, म्हणजे तुकडा काढून केलेल्या तपासणीत, तोंडाचा कॅन्सर निघाला की घरात पहिला प्रश्न एकच, वावर विकायचं का? थांबा भाऊ, आधी राशन कार्ड काढा, सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन होऊ शकते.

माझ्या मोठ्या बाबांच्या, म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाच्या वेळी मी हे सगळं धावत धावत शिकलो, म्हणून लिहून ठेवतो.

आधी ऑपरेशन समजून घ्या, कारण अर्जाचा सगळा घोळ तिथंच होतो. कॅन्सरची गाठ काढताना जबड्याचा तुकडा, गाल नाहीतर जिभेचा भाग जातो आणि तिथं खड्डा पडतो. तो भरायची एक पद्धत म्हणजे छातीचं मांस-कातडी, तिथली रक्ताची नळी न तोडता, वर वळवून लावायचं. दुसरी फ्री फ्लॅपची. त्यात पायाच्या बाहेरच्या बाजूचं बारीक हाड म्हणजे फिब्युला, किंवा मनगटाजवळची, मांडीची कातडी रक्तवाहिन्यांसकट पूर्ण कापून काढतात आणि मानेतल्या रक्तवाहिन्यांना मायक्रोस्कोपखाली जोडतात. नळ्या दोन-तीन मिलिमीटरच्या, धागा केसापेक्षा बारीक, आठ-दहा तास सहज जातात. पायातलं ते हाड गेलं तरी माणूस चालतो, अंगाचं वजन शेजारच्या जाड हाडावर असते. जबड्याचा समोरचा, हनुवटीचा भाग गेला असेल तर हाडाशिवाय तोंड मिटत नाही, लाळ गळत राहते, म्हणून अशा पेशंटला फिब्युलाचा फरक फार मोठा पडतो.

आता मुद्दा. योजनेच्या यादीत गाठ काढणं वेगळं आणि ती जागा भरणं वेगळं, त्यातही छातीच्या मांसाचं वेगळं आणि मायक्रोव्हॅस्क्युलरचं, म्हणजे फ्री फ्लॅपचं, वेगळं. दवाखाना ऑपरेशनच्या आधी ऑनलाइन मंजुरी मागतो, त्याला सगळे प्रीऑथ म्हणतात. त्यात काय काय टाकलं हे विचारा, अगदी शब्दात विचारा, "डॉक्टरसाहेब, जागा कशानं भरणार आणि ते मंजुरीत टाकलं का?" आम्ही विचारलं नाही. एका दवाखान्यात आदल्या दिवशी संध्याकाळी कळलं की मंजुरी फक्त गाठ काढायची आली, मंग तारीख पुढं गेली आणि आम्ही आणखी दहा दिवस व्हरांड्यात झोपलो. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेच्या नियमात एकाच वेळी दोन ऑपरेशन झाले तर मोठ्याचे पूर्ण पैसे आणि दुसऱ्याचे अर्धेच दवाखान्याला मिळतात, त्यामुळं काही ठिकाणी फ्री फ्लॅपचा उत्साह कमी दिसतो असं माझं मत.

पात्रता सोपी झाली आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आधी पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांना आणि आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डच्या शेतकऱ्यांना होती, त्यात अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशिम, यवतमाळ आणि वर्धा आले. २०२४ पासून ती सगळ्या राशन कार्डवाल्यांना आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखापर्यंत, पूर्वी दीड लाख होते. घरात कोणी ७० वर्षांचं किंवा त्याहून मोठं असेल तर त्याचं आयुष्मान वय वंदना कार्ड फक्त आधारवर निघते, उत्पन्न कोणी विचारत नाही.

कागदं म्हणाल तर राशन कार्ड, त्याचा बारा अंकी ऑनलाइन नंबर, पेशंटचं आधार, बायोप्सीचा रिपोर्ट, सीटी किंवा एमआरआय. बायोप्सीची स्लाइड आणि ब्लॉक, म्हणजे मेणात ठेवलेला तुकडा, तोसुद्धा मागून घ्या, दुसऱ्या दवाखान्यात पुन्हा तपासायला लागतात. सगळ्यात जास्त अर्ज नावावर अडकतात. राशनवर "गणपत", आधारवर "गणपतराव", बायोप्सीवर नुसतं आडनाव. रिपोर्ट हातात घेतानाच स्पेलिंग पाहा. राशनमध्ये नावच नसेल तर तहसीलच्या पुरवठा विभागात आधी नाव चढवा, पेशंट भरती झाल्यावर हे करायला लागलं तर लय पळापळ होते.

दवाखाना योजनेत असला पाहिजे, आणि तिथं मायक्रोसर्जरी करणारा प्लास्टिक सर्जन पाहिजे, दोन्ही विचारा. नागपूरला मेडिकल म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेज, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, वर्ध्याकडं सेवाग्राम आणि सावंगी, आमच्याकडचे पेशंट याच वाटेनं जातात. निघण्याआधी १५५३८८ वर फोन करून कोणता दवाखाना कोणत्या आजारासाठी यादीत आहे ते विचारा. पोचल्यावर आधी आरोग्यमित्राचं, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाचं टेबल गाठा, कॅश काउंटरवर डिपॉझिट भरायची घाई करू नका. जबड्याची टायटॅनियमची प्लेट पॅकेजमध्ये धरली का हेही तिथंच विचारून घ्या.

भरती व्हायच्या आधी खर्रा, बिडी बंद. निकोटिननं रक्तवाहिन्या आखडतात आणि जोडलेला फ्लॅप मरू शकतो, मोठे बाबा सर्जनसमोर मान हलवायचे आणि खिशात पुडी ठेवायचे, शेवटी काकूनं ती मोरीत फेकली. पहिले दोन दिवस नर्स तासातासाला फ्लॅपचा रंग पाहते, तो निळा-काळा पडला तर परत थिएटर, म्हणून एक माणूस जवळ ठेवाच. नाकातल्या नळीनं जेवण असते, बोलता येत नाही, पाटी-पेन्सिल न्या.

सुट्टीच्या वेळी औषधं दवाखान्यातूनच मागा, डिस्चार्जनंतर दहा दिवसांची औषधं आणि तपासणी योजनेत आहे, पेशंटचं परतीचं एसटी भाडंही. रेडिएशनचं बोलले असतील तर ते ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांत सुरू व्हायला हवं आणि त्याची मंजुरी परत वेगळी असते, म्हणून टाके काढायला जाल त्याच दिवशी आरोग्यमित्राला भेटा. रेल्वेनं जात असाल तर दवाखान्याकडून कॅन्सर सवलतीचा फॉर्म घ्या, स्लीपरला पेशंटचं तिकीट माफ आहे.

कमावता माणूसच घरी बसला असेल तर तहसीलात संजय गांधी निराधारचा अर्ज टाका, कॅन्सर त्यात बसतो, उत्पन्नाची अट वर्षाला २१ हजाराची. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडं जाताना डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स सोबत ठेवा, आणि दोन न्या, एक तिथंच राहते.