कर्टिस मेफिल्डचं 'बेस्ट ऑफ' घेताय? आधी मागची यादी बघा

अमेरिकन सोल गायक कर्टिस मेफिल्डचं ग्रेटेस्ट हिट्स काढणं हे पहिल्यापासून भानगडीचं काम, आणि त्यात गाण्यांचा काही दोष नाही, दोष आहे रेकॉर्ड कंपन्यांच्या कागदपत्रांचा. शिकागोचा हा पोरगा, जन्म १९४२ चा, कॅब्रिनी-ग्रीन वस्तीत वाढला, आजी चर्चमध्ये उपदेश करायची त्यामुळे गॉस्पेल, म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं, घरातच, गिटार आपलं आपण शिकला आणि ती पियानोच्या काळ्या पट्ट्यांच्या सुरात लावली, शेवटपर्यंत तशीच. जेरी बटलर 'इम्प्रेशन्स' ग्रुपमधून बाहेर पडल्यावर लिहिणं, गाणं, गिटार, सगळं ह्याच्याच गळ्यात आलं. ती साठच्या दशकातली गाणी बहुतेक सगळी एबीसी-पॅरामाउंट कंपनीची. मग १९६८ ला एडी थॉमसबरोबर त्याने स्वतःची 'कर्टम' काढली (त्या काळात कृष्णवर्णीय कलाकाराच्या मालकीची कंपनी म्हणजे गंमत नव्हती) आणि १९७० पासून सोलो. म्हणजे अर्धं करिअर एका कपाटात, अर्धं दुसऱ्या, आणि किल्ल्या वेगवेगळ्या लोकांकडे.

म्हणून एका सीडीवरचं बेस्ट ऑफ बऱ्याचदा थेट १९७० पासून सुरू होतं. मला तिथेच खटकतं. १९६४ चं 'कीप ऑन पुशिंग', १९६५ चं 'पीपल गेट रेडी', ही नागरी हक्क चळवळीची गाणी झाली, आणि तरी त्यांत चर्चचा गोडवा आहे, कोणावर आवाज चढवलेला नाही. मग १९६७ च्या शेवटी आलं 'वी आर अ विनर', ते काही रेडिओ स्टेशनांनी वाजवायलाच नकार दिला, तरी आर अँड बी, म्हणजे कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत पहिल्या नंबरवर गेलं. हे सगळं गाळून एकदम १९७० चं 'इफ देअर्ज अ हेल बिलो' लावलं की वाटतं हा माणूस उगाच चिडलाय. चिडायला दहा वर्षं लागली होती हो त्याला!

दुसरी गंमत 'हिट' ह्या शब्दाची. 'मूव्ह ऑन अप' आज ज्याला त्याला माहितीय, पण सिंगल म्हणून ते १९७१ ला ब्रिटनमध्ये चाललं, अमेरिकेत नाही. आणि अल्बमवर ते जवळपास नऊ मिनिटांचं आहे, पुढचा सगळा भाग नुसता ताल आणि ब्रास. कलेक्शनवर तीन मिनिटांचं कापलेलं टाकलं असेल तर मी सरळ खाली ठेवतो.

आणि 'सुपर फ्लाय', १९७२. सिनेमा कोकेन विकणाऱ्याला हिरो करणारा, निदान दिसायला तरी, आणि मेफिल्डने पडद्यावरच्या त्या थाटाशी गाण्यांतून उघड वाद घातला. 'फ्रेडीज डेड' सिनेमात नुसतं वाद्यांवर वाजतं, शब्द रेकॉर्डवरच, त्यामुळे ऑस्करच्या नियमात बसलंच नाही. अल्बम मात्र नंबर एकला. कलेक्शनमध्ये ह्यातली दोन-तीन गाणी असतातच, पण सिनेमा माहीत नसेल तर 'पुशरमॅन' (म्हणजे ड्रग्ज विकणारा) ऐकून कोणालाही वाटेल की हा त्या धंद्याची जाहिरात करतोय.

दोन्ही कपाटं एकत्र उघडायला नव्वदचं दशक उजाडलं. १९९२ ला एमसीए कंपनीची दोन सीडींची 'अँथॉलॉजी', १९६१ ते १९७७ ची गाणी, आणि १९९६ ला ऱ्हायनो कंपनीचा तीन सीडींचा बॉक्स. त्याआधीच, १९९० ला, ब्रुकलिनमध्ये ओपन एअर स्टेजवर लाइटचा सांगाडा अंगावर पडून मेफिल्ड मानेखाली लुळा झाला होता. तरी १९९६ ला 'न्यू वर्ल्ड ऑर्डर' केलाच, पाठीवर पडून, श्वास पुरेल तशी एकेक ओळ रेकॉर्ड करून. १९९९ च्या डिसेंबरमध्ये गेला. ह्या शेवटच्या अल्बममधलं एखादं तरी गाणं पाहिजे, पण बहुतेक कलेक्शनं सत्तरच्या दशकातच संपतात. मला विचाराल तर 'अँथॉलॉजी' मिळाली तर घ्या आणि हा अल्बम वेगळा ऐका.